शेंगदाण्याच्या चटणीतले नूडल्स आणि नागासाकीचा फोटो

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहायले.

आळंदच्या बसस्टँडजवळ माझं छोटं चायनीज हॉटेल हाय. माझ्या नूडल्समध्ये शेंगदाण्याची चटणी असते. मंचुरियनच्या ग्रेव्हीत लोक कडक भाकरी चुरून खातात. इथल्या तोंडाला तसंच आवडतं, म्हणून मी तसंच करते.

आज माझा धाकटा दीर जेवायला आला. जपानात नागासाकी बंदरात नोकरीला हाय, सुट्टीवर आलाय. भरल्या हॉटेलात मोठ्यानं म्हणाला, "वैनी, ह्याला चायनीज म्हणत न्हाईत. लोकांना कामून फसवायलाव?"

सगळे माझ्याकडं बघायले. आठ वर्षं झाली मला कढईपुढं उभं राहून!

वर मोबाईलवर फोटो दाखवायला. वाडगंभर नूडल्स, त्यावर मासळी आन् कोबी. "हे चांपोन. नागासाकीची शान हाय, वैनी. गल्लोगल्ली साध्या हॉटेलांत मिळतंय."

मी विचारलं, "पहिल्यांदा केलं कुणी?"

"चीनहून आलेल्या एका आचाऱ्यानं. तिथं मिळेल ती मासळी, भाजी घालून."

"मग त्यानं पण लोकांना फसवलंच की!"

दीरानं मोबाईल खिशात घातला. पण तोवर शेजारच्या टेबलावरचे रोजचे दोघं उठून गेले होते. त्यांची चुरलेली भाकरी ग्रेव्हीत तशीच भिजत पडली होती.

त्या आचाऱ्याचं जेवण नागासाकीचं झालं. माझं आळंदचं व्हायला कुणाचा शिक्का लागतो, सांगा बरं?