तिकडची

तिचं नाव इथल्या जिभांना जड जायचं, म्हणून इस्पितळात तिला सगळे 'तिकडची' म्हणत. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर पडेल इतपत मोठ्याने. ती दुसऱ्या मुलखातून आलेली, रंगाने काळीभोर, बोलताना भलत्याच अक्षरावर जोर देणारी. सुट्टीत माहेरी गेली की भावजयाही म्हणायच्या, "आली बघा तिकडची." ती हसण्यावारी न्यायची.

काम मात्र पक्कं. जगात आल्या आल्या बाळाला जो पहिला हात लागतो तो आपला असावा, एवढ्यासाठी ती नर्स झाली होती. ओलं, निसरडं, ऊन ऊन बाळ दोन्ही तळव्यांत आलं की तिला दुसरं काही सुचायचं नाही.

मग एका बाळंतिणीच्या सासूने तिला प्रसूतिगृहाच्या दारातच अडवलं. ही नको, हिचे हात आमच्या बाळाला लागायला नकोत, म्हणाली. वॉर्डच्या मोठ्या सिस्टर काही वाईट बाई नव्हत्या. त्यांनी तिला बाजूला घेऊन पाठीवर हात ठेवला. तुझं काही चुकलं नाही, पण पेशंटचं मन राखावं लागतं, असं सांगितलं नि दुसरी नर्स आत पाठवली. त्या दिवशी त्या सासूचं मन राखलं गेलं. पुढे आणखी कुणाकुणाचं. दर वेळी बाहेर थांबायची ती हीच. शेवटी सगळ्यांच्याच सोयीचं म्हणून तिला तळघरात पाठवलं. तिथे ऑपरेशनची हत्यारं वाफेवर निर्जंतुक होत.

तळघरात कुणी नाक मुरडत नव्हतं. कात्र्या-चिमट्यांना रंग कळत नाही, असं ती घरी नवऱ्याला सांगायची. तो हसायचा. बाळंतपणाची हत्यारं ती हिरव्या कापडात बांधायची, चिकटपट्टी लावायची. गाठोडं लिफ्टने वर जायचं, ती खालीच. हात नुसते शिवशिवायचे. नाळ कापायची कात्री पुसून झाली तरी ती लगेच खाली ठेवायची नाही.

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. फोनवर आईचा पहिला प्रश्न ठरलेला, आज कोण जन्मलं? एकदा तिने ठोकून दिलं की मुलगी झाली, डोक्यावर भरगच्च जावळ. आई इतकी हरखली की मग मागे फिरणंच अवघड झालं. कधी जुळी झाली, कधी पायाळू झालं. वाफेच्या यंत्राशेजारी उभी राहून ती उद्याची बाळं रचायची. अशी वर्षं गेली आणि एका हिवाळ्यात आईही गेली, सगळं खरं मानून.

त्यानंतर नव्या मेट्रनबाई आल्या. इस्पितळ हिंडून पाहता पाहता त्या तळघरातही उतरल्या. बाळंतपणं केलेली नर्स इथे काय करतेय, त्यांनी विचारलं. तिने कारण सांगितलं. मेट्रनबाईंनी स्टूल ओढून घेतलं आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं.

मग त्यांनी बैठक बोलावली. रंगावरून, बोलीवरून, मुलखावरून यापुढे कुणालाही नर्स बदलून मिळणार नाही, असं त्यांनी मांडलं. डॉक्टरांनी कुरकुर केली, पेशंट दुसरीकडे जातील म्हणाले. मोठ्या सिस्टरांना लागलं. आम्ही तर हिला सांभाळूनच घेतलं होतं, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ती उभी राहिली.

"मला सांभाळू नका," ती म्हणाली. "माझं काम मला द्या."

नियम ठरला, तिला काम मिळालं. पण मधल्या काळात यंत्रं बदलली होती, ती तिला लेकीच्या वयाच्या नर्सेसकडून शिकून घ्यावी लागली. थोड्याच दिवसांत एका नवऱ्याने दुसरी नर्स मागितली. मोठ्या सिस्टर दारातच होत्या, त्यांची चुळबुळ तिला दिसत होती.

"आज ड्युटीवर ह्याच आहेत," त्या म्हणाल्या. "आणि ह्याच आत जातील."

नवरा तणतणत व्हरांड्यात गेला. आत त्याची बायको कळांनी बेजार झाली होती. तिने काही न विचारता हिचा दंड घट्ट धरला.

मुलगा झाला. डोक्यावर केसाचं नाव नाही, चेहरा रागीट. बाळाला आईच्या छातीवर ठेवून ती बाहेर आली आणि जिन्याशी उभी राहून तिने फोन काढला. आईचा नंबर तिने अजून पुसला नव्हता. त्या नंबराकडे ती पाहत राहिली. आज एकदा खरं सांगायचं होतं. कोणीतरी जिना उतरत आलं, तसा तिने फोन खिशात टाकला.

नियमाने माणसं एका रात्रीत बदलत नाहीत. पण परवा कोवळ्या वयाची एक नवी नर्स वॉर्डात रुजू झाली, तीही लांबून आलेली. पहिल्याच दिवशी सुनेच्या सोबतीला आलेली एक म्हातारी तिला बघून तोंड फिरवून बसली. पोरगी हात धुवायच्या बेसिनपाशी येऊन रडू आवरत होती.

"ह्याची सवय होते का हो, ताई?" तिने विचारलं.

"नाही होत," ती म्हणाली. "चल, मी आहे बरोबर."

आणि दोघी त्या सुनेच्या खाटेकडे निघाल्या.