वॉर्डात 'शे' कोण म्हणालं?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. लिहिण्याची सवय नाही, तरी या सदरासाठी लिहायचं धाडस करतोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. मी सायन्सचा विद्यार्थी. भूतखेत, अंगात येणं — यावर माझा विश्वास कधीच नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. तरी हे घडलं.

सत्तावन्न साली धुळ्यात फ्लूची साथ आली. दवाखाना पुरेना, म्हणून एका शाळेच्या हॉलमध्ये खाटा टाकल्या. माझी थोरली बहीण — अक्का — तिथे नर्स. बरोबरीच्या निम्म्या नर्स स्वतःच तापाने पडलेल्या. माझं जळगावचं कॉलेज साथीमुळे बंद झालं तसा मी तिथे पाणी द्यायला जाऊ लागलो.

आम्ही साक्रीकडचे, घरात अहिराणी. पण नर्सिंग शिकताना अक्काच्या बोलण्याला सगळे इतके हसले, की 'शे' हा शब्दच तिने तोंडातून काढून टाकला. पेशंट मात्र खेड्यांतले. डोळे मिटून पडल्या पडल्या विचारायचे, "अक्का, शे का?" — म्हणजे, आहेस ना जवळ? ती म्हणायची, "आहे." आमच्याच बाजूचे एक म्हातारे नाना तिला चिडवायचे, की 'आहे' म्हणणारी सरकारची, 'शे' म्हणणारी आमची. ती हसायची.

पुढे हसणं थांबलं. मग उत्तर देणंही. औषध, चादरी, ताप बघणं — काम चोख, पण मुकी. एक लहान मुलगी तिच्या हातात गेली, तरी तिने नुसती चादर बदलली. त्या दिवशी मला म्हणाली, "माझ्या आत काही उरलं नाही रे. रविवारी गावी जाते. परत यायचं नाही."



शनिवारी दुपारी ती चादरींच्या खोलीत भिंतीला टेकली आणि बसल्या बसल्याच झोपली. कुणी उठवू नये म्हणून मी दार लोटून बाहेर स्टुलावर बसलो. खोलीला दुसरं दार नाही, खिडकीला गज.

तेवढ्यात हॉलमधून नानांची हाक आली, "अक्का, शे का?"

"शे, नाना. आठेच शे."

इथेच आहे, असं म्हणणारा तो आवाज अक्काचा. मी दार उघडलं — ती गाढ झोपेत. हॉलमध्ये डोकावलो — खाटांमध्ये कुणीही उभं नव्हतं. पण हाका चालूच होत्या, आणि प्रत्येक हाकेला उत्तर मिळत होतं. तळमळणारी माणसं एकेक करून शांत होत गेली.

अक्का उठली तेव्हा माझ्याने सांगवेना. नानांनीच सांगितलं, "तूच ते उनी व्हती ना, माय. कपाळवर हात ठेवा." तूच तर आली होतीस, कपाळावर हात ठेवलास, असं त्यांचं म्हणणं. आज आमची झालीस, असंही म्हणाले.  मग अक्काने खरोखरच त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि रडली. त्या साथीत पहिल्यांदा. पदराने तोंड पुसून मला म्हणाली, "पाणी भर. रविवारचं राहू दे."

आमच्या सरांना विचारलं, तर म्हणाले, थकव्याने भास होतात. मला झाला असेल... पण सगळ्या हॉलला एकच भास? अक्का तेव्हा म्हणाली, कुणी का बोललं असेना, त्यांना उत्तर मिळालं ना. 

साथ सरल्यावर मी जळगावला कॉलेजात परतलो. ती नोकरी सोडेल ही धास्ती मनात होतीच; बरेच महिने काही कळलंही नाही. परवा बसस्टँडवर गावचे आबा भेटले, त्यांच्याकडून समजलं — साक्रीपलीकडच्या डोंगरातल्या पाड्यांवर देवीची साथ आहे, तिकडे जायला कुणी तयार नव्हतं, आणि अक्काने स्वतः बदली मागून घेतली.