अठरा नंबरच्या जर्सीवरचे आरसे

दिग्रसजवळच्या आमच्या तांड्यात जुन्या पद्धतीची आरशांची कांचळी, बंजारा बायांची चोळी, शिवणाऱ्या आता दोघीच उरल्यात. त्यातल्या एक मानीबाई राठोड. आरसा बसवताना दोरा असा ओढतात की कापड फाटेल, पण आरसा निघणार नाही.

त्यांचा मुलगा इंद्रजीत सैन्यात गेला आणि तिथे रग्बी खेळायला लागला. मग रजेचे दिवसही सरावात जायला लागले. कधी घरी आलाच तर याडीला, म्हणजे आईला, शेजारी बसवून मोबाइलवर युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेचे सामने दाखवायचा. हिरवे आयर्लंडचे, लाल वेल्सचे, एवढं मानीबाईंना पाठ झालं होतं.

"यातला तुयासारखा कोणता?" त्यांनी एकदा विचारलं.

एकमेकांत डोकी खुपसून रेटारेटी करणाऱ्या माणसांच्या घोळक्यावर इंद्रजीतनं बोट ठेवलं. "हा. पहिल्या ओळीतला."

"तोंड त दिसूनच नाही राह्यलं."

"आमचं काम दिसाचं नसते याडी, जोर लावाचं असते."

"मंग मी तुले ओयखू कशी?"

तो हसला. मानीबाई हसल्या नाहीत.

मागच्या वर्षी त्याची भारताच्या संघात निवड झाली. आशियाई स्पर्धेतला खालचा गट, सामना काठमांडूला, नेपाळशी. निघण्याआधी दोन दिवस तो घरी आला तेव्हा बॅगेत निळी जर्सी होती, पाठीवर अठरा, म्हणजे बदली खेळाडूचा आकडा. खरं तर ती संघाच्या सामानातच राहायची, पण यानं याडीला दाखवायला मागून आणली होती. दुपारी तो मित्रांना भेटायला दिग्रसला गेला. परत आला तर जर्सीच्या दोन्ही खांद्यांवर सहा-सहा आरसे.

"आता कितीबी वाक," मानीबाई म्हणाल्या. "खांदे त चमकतीन."

बहीण रंजितानं कपाळावर हात मारला. "अवं याडी, थो खेयाले चालला का लग्नात नाचाले?"

इंद्रजीतनं जर्सी हळूच घडी करून ठेवली.

सामन्याच्या दिवशी रंजितानं मोबाइल टीव्हीला जोडला. तांड्यावरचं नेटवर्क ते; चित्र अडकायचं, पाठीवरचे आकडे फुटून नुसते चौकोन व्हायचे. मानीबाई पडद्याला नाक लावून बसल्या. शेवटी शेवटी बदली खेळाडू आले. निळ्या खांद्यांचा घोळका जमला, सुटला, पुन्हा जमला. चमक कुठेच नव्हती.

"नाही उतरवलं वाट्टे त्याले," म्हणून त्या उठल्या.

पंधरा दिवसांनी तो आला. आठवण म्हणून जर्सी त्यालाच मिळाली होती. आरसे खांद्यांवर जसेच्या तसे. मानीबाईंनी त्यांवरून अंगठा फिरवला. दोरा ढिला, गाठी वरच्या बाजूला.

"हे टाके माये नोहोय."

मग इंद्रजीतनं सांगितलं. सामन्याआधी पंच प्रत्येकाचे बूट-कपडे तपासतात, काच चालत नाही. हे त्याला घरीच माहीत होतं. काठमांडूच्या हॉटेलात त्यानं एकेक आरसा उसवला, मोज्यात बांधला आणि देशात परतल्यावर रेल्वेत पुन्हा शिवला.

"तवाच काहून नाही सांगतलं?"

"तू येवढ्या हौसेनं लावले होते."

"मंग तू खेयला?"

"आठ मिनिटं."

"तू डोयासमोर होता रे," मानीबाई म्हणाल्या, "अन् मी तुले धुंडून राह्यलती."

त्यानं मोबाइलवर सामना लावला, शेवटाकडे नेला आणि घोळक्यावर चित्र थांबवलं. एका वाकलेल्या पाठीवर बोट ठेवून म्हणाला, "हा मी."

मानीबाईंनी त्या खांद्याला हात लावायला बोट पुढं केलं. बोट टेकलं आणि चित्र चालू झालं. घोळका फुटला, निळी माणसं चारी बाजूंना पळाली.

"गेला," त्या म्हणाल्या. "वापस आन त्याले."

इंद्रजीतनं चित्र मागं नेलं. या वेळी मानीबाईंनी बोट काचेच्या जरासं वरच धरलं.