ताकदीची सुई आणि वैशाखातले डिंकाचे लाडू

"सर, तुमच्या नसबंदीचा आणि या त्रासाचा काडीचाही संबंध नाही," डॉक्टर म्हणाले. "हे त्या ताकदीच्या इंजेक्शनांनी केलंय."

मी हुश्श करून उठायला लागलो, तर आमची सुमन खुर्चीतून हलेना. "डॉक्टर, ते पहिलं वाक्य परत सांगा," ती म्हणाली. बाहेर पेशंट ताटकळलेले, मी घामाने निथळतोय, आणि हिला तेच वाक्य पुन्हा ऐकायचं होतं. डॉक्टरांनी सांगितलं. तिने पुन्हा विचारलं. मी चिडून तिच्याकडे बघितलं. ती रडत होती.

मुळापासून सांगतो. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांनी वाचावं, आणि त्यांच्या बायकांनी तर जरूर वाचावं.

मी नाशिकच्या एका शाळेत पी.टी.चा शिक्षक. माझा थोरला भाऊ, दादा, पंचवटीतल्या तालमीचा वस्ताद. माझं अंगही त्याच मातीत घडलेलं. थकवा म्हणजे काय ते मला पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हतं.

मग हळूहळू सगळंच बिनसलं. शिट्टी फुंकायचा कंटाळा यायचा. दुपारी स्टाफरूममध्ये डुलक्या लागायच्या. पोरांवर विनाकारण डाफरायचो. पोट सुटलं. आणि ज्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही ती गोष्टही सांगून टाकतो: बायकोजवळ जायची इच्छाच मेली. सुमनकडे पाठ करून झोपायचो, तिने काही विचारलं की खेकसायचो. शेवटी तिने विचारणंच सोडलं. भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढंच बोलणं आमच्या घरात उरलं होतं. मुलं मोठी झाली, आता दोघांचेच दिवस, असं म्हणावं तर ही अवस्था.

दादाने निदान करायला क्षणही घेतला नाही. "नस कापून घेतलीस, आता ताकद कुठून येणार? बायकोचं ऐकलंस ना, भोग." सुमन तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती.

त्यातलं खरं एवढंच की नसबंदीच्या मोहिमेच्या वर्षी शिक्षकांना माणसं आणायला सांगायचे. आम्हाला तीन मुलं होती. तिसऱ्या बाळंतपणात रक्त जाऊन सुमन मरता मरता वाचली होती. ती म्हणाली, "मला परत त्या टेबलावर नाही जायचं. तुम्ही करून घ्या." मी करून घेतलं. त्यानंतर कित्येक वर्षं मी मैदानावर पोरांच्या पुढे धावत होतो, पण हे दादाला कोण सांगणार? तालमीतल्या माणसाच्या मते सगळी ताकद एकाच ठिकाणी साठवलेली असते आणि ते ठिकाण मी कापून टाकलं होतं.

दादाने आधी बैठका वाढवायला सांगितल्या. गुडघे सुजले. मग त्याच्या ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं. आपल्या लोकांना जो सुई टोचत नाही तो डॉक्टरच वाटत नाही, आणि हा तर येणाऱ्या प्रत्येकाला टोचत असे. माझ्या वाट्याला ताकदीची सुई आली. कसली, ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

सुरुवातीला कमाल वाटली. माझी शिट्टी पलीकडच्या शाळेत ऐकू जाऊ लागली. मग असर उतरायचा, मी पुन्हा जायचो. असं वर्षभर चाललं. एकदा उन्हाळ्याच्या तोंडाशी डॉक्टर मुलीच्या लग्नासाठी दवाखाना बंद करून गावी गेला, तो लवकर परतलाच नाही. आणि माझे हाल सुरू झाले.

शाळेच्या मैदानावर राष्ट्रगीत चालू असताना कानातून वाफा निघू लागल्या. तोंड लालबुंद, घामाच्या धारा, आणि सावधानमध्ये उभा असल्यामुळे हात हलवायची सोय नाही. पोरं फिदीफिदी हसत होती. पुढे हे रोजचंच झालं. याला इंग्रजीत हॉट फ्लश म्हणतात. अंगात आतून अचानक गरमीची लाट उठते. पाळी जाताना बायकांना होतं ते. पुरुषालाही होऊ शकतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्यात घरी सुमनने डिंकाचे लाडू करायला घेतले. वैशाखात! नाशिकचं ऊन डोकं फोडतंय, अंगाची लाही लाही होतेय, आणि ही सकाळ-संध्याकाळ माझ्यापुढे खारीक, खोबरं, मेथी आणि डिंक ठेवतेय. "मी काय बाळंतीण आहे?" मी ओरडायचो. ती बशी पुढे सरकवायची आणि मी खाईपर्यंत समोर उभी राहायची.

शेवटी शाळेतल्या एका सहकाऱ्याने नाशिकमधल्याच द्वारका चौकाजवळच्या या डॉक्टरांचं नाव सांगितलं. त्यांनी सुईपासून घरातल्या लाडवांपर्यंत भरपूर प्रश्न विचारले आणि सुई दिलीच नाही, म्हणून मी पहिल्या दिवशी भडकलो होतो. साखर, थायरॉइड सगळं तपासलं, ते ठीक निघालं. एका तपासणीसाठी रक्त मुंबईला पाठवलं. मग रोज शाळा सुटल्यावर दवाखान्यातल्या बाकावर बसायचं आणि कंपाउंडरच्या तोंडून "उद्या या" ऐकायचं. उद्या या, उद्या या. जीव मेटाकुटीला आला.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाचं मुख्य हार्मोन. हार्मोन म्हणजे ग्रंथीतून थेट रक्तात मिसळणारा रस. हा अंडकोशात तयार होतो, पण हुकूम सुटतो मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून. नसबंदीत फक्त बीज वाहून नेणारी नळी बांधतात. हार्मोन त्या नळीने जातच नाही.

"वयाबरोबर ते थोडं थोडं कमी होतं," डॉक्टर म्हणाले. "पोट सुटलं, झोप बिघडली की आणखी. तुमचं मुळात एवढंच असावं. पण त्या सुईत हेच हार्मोन असणार, म्हणजे तुम्ही बाहेरून तयार माल आणलात. पिट्युटरीला वाटलं, गरज नाही. तिने हुकूम देणंच थांबवलं. आता बाहेरचा माल बंद आणि आतला कारखानाही बंद."

"मग सुई परत सुरू करा ना!"

"अजिबात नाही. कारखान्याला जागं व्हायला वेळ द्या. चाला, पोट कमी करा, वेळेवर झोपा, आणि मला दाखवत राहा. आणि या उन्हात ते लाडू कोण खायला घालतंय?"

त्यावर सुमनने मान खाली घातली. परतताना रिक्षात ती बोलली. "भावोजी बोलले तेव्हापासून मला वाटत होतं, मी माझा जीव वाचवला आणि तुमची ताकद घालवली. ती भरून काढायला दुसरं काय होतं माझ्या हातात?"

"वेडी आहेस का तू?" मी इतक्या जोरात ओरडलो की रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं. मला भयंकर राग आला होता. दादाचा, त्या सुईवाल्याचा, आणि या बाईने हे एकटीने मनात ठेवलं त्याचा. मी तिचा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

थांबणं हे जगातलं सगळ्यात वैतागवाणं औषध आहे. पावसाळा संपता संपता लाटा कमी झाल्या. दिवाळीपर्यंत पँटचा पट्टा आत आला. इच्छाही परतली, पंचविशीतली नव्हे, पण आम्हाला पुरेल एवढी. सगळ्यांचंच असं भरून येतं असं नाही, हेही डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून सुईत काय आहे ते विचारल्याशिवाय दंड पुढे करू नका.

दिवाळीत दादा आला, शिलाजिताचा डबा घेऊन. बसल्या बसल्या सुरू झाला, "नस कापलेल्या माणसाला आता हाच उपाय."

सुमन चहा घेऊन आली. लग्न झाल्यापासून ती दादासमोर पदर सावरून, नजर खाली ठेवूनच वावरलेली. तिने ट्रे खाली ठेवला.

"भावोजी, यांच्या ऑपरेशनचा आणि या त्रासाचा काडीचाही संबंध नाही. तेव्हा फक्त नळी बांधली होती. ताकदीचा रस रक्तातून जातो, नळीतून नाही. यांच्या ऑपरेशनचा आणि या त्रासाचा काडीचाही संबंध नाही. तुम्हाला पटत नसेल तर डॉक्टरांकडे घेऊन जाते. तुमचंही आता वय झालंय."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी चकली खात होतो. त्याने चहा संपवला आणि जाताना डबा परत नेला.

तो गेल्यावर मी दार लावलं आणि सुमनला म्हणालो, "ते पहिलं वाक्य परत सांग."