आमची ताई स्टेबल हाय

आई धंतोलीतल्या दवाखान्यात भरती होती, तेव्हा डॉक्टर माझ्या थोरल्या भावाला म्हणाले, "बोलायचं ते मी तुमच्या बहिणीशीच बोलेन. त्या स्टेबल आहेत." झालं! भाऊ नरखेडकडे संत्र्याची बाग बघायचा. त्याला तो शब्द इतका आवडला की गावभर सांगून आला. तेव्हापासून वाईट बातमी ऐकायची मी, रक्ताची बाटली आणायला धावायची मी, आणि धाकट्या बहिणीला भोवळ आली की कांदा फोडून तिच्या नाकाशी धरायची तीही मीच.

आई गेली तेव्हाही तेच. धाकटी जमिनीवर लोळून रडत होती, साऱ्या बाया तिला धरून बसलेल्या. मावशी मला म्हणाली, "चहा टाक वं, लोकं गावाहून उपाशी आले हायेत." टाकला. रडू गळ्याशी यायचं आणि तेवढ्यात कोणीतरी कपबशी मागायचं.

तेरवी उरकली आणि भाऊ धाकटीला गावी घेऊन निघाला. "तू ऑफिसले गेली का इले घरी एकटी नाही ठेवत. तुहं काय, तू तं स्टेबल हायेस." तूही चल म्हण, एकदा तरी म्हण, एवढंच माझ्या मनात होतं. नसते गेले मी, ऑफिस होतं. पण म्हणायला काय जात होतं त्याचं? एसटी सुटली. आई आणि आम्ही दोघी राहायचो त्या दोन खोल्यांकडे माझे पाय वळेनात, म्हणून दवाखान्यात गेले.

तिथे पेशंटचे लोक बसायचे त्या बाकावर बसले. शेजारच्या अनोळखी बाईने विचारलं, "कोण भरती हाय वं तुहं?" आणि मी ओक्साबोक्शी रडायला लागले. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं, पदराने तोंड पुसत राहिली. "रड बाई, रड. मी बसून राहिली ना इथं."

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तिच्यासाठी मोसंबी घेतली आणि थेट तिथेच गेले. बाकावर ती नव्हती. नर्स म्हणाली, तिच्या नवऱ्याला सकाळीच सुट्टी झाली, गेले ते गावी.

"बरं झालं," मी म्हणाले, अगदी स्टेबल आवाजात. मग मोसंबीची पिशवी मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिले.