झांज कुठून येते?

बाबांचे कान जायला लागले ते वरच्या टोकाकडून. कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून समजावलं, आधी बारीक, टोकदार आवाज जातील, मग हळूहळू खालचे. बाबांनी एवढंच विचारलं, "आणि झांज?" डॉक्टरांनी आलेखाच्या उजव्या कडेवर बोट ठेवलं, जिथे रेघ खाली घसरत होती. झांज अगदी आधी जाणार, किती महिन्यांत ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले.

बाबा तीसेक वर्षं आमच्या वाडीच्या भजनात पेटी वाजवत. ऐकू कमी यायला लागल्यावर ताल सुटायचा आणि अख्खं मंडळ त्यांच्यासाठी थांबायचं. कुणी चकार शब्द काढला नाही, तेच त्यांना जास्त लागलं. त्यांनी जाणंच बंद केलं. कानातलं मशीन लावलं की भजन पत्रा बडवल्यासारखं ऐकू येई, आणि मशीन काढून मोबाइलवर लावलं तर सगळे आवाज एका डब्यात कोंबलेले. एक दिवस म्हणाले, "मी बसायचो तिथून एकदा ऐकव गो मला. पखवाज समोर डावीकडे, झांज उजव्या कानाच्या मागे. आवाज कुठून येतो ते कळलं की तो कुणाचा ते कळतं." डॉक्टरांना विचारलं तर त्यांनीही मान डोलावली. कान अधू झाले की माणूस दिशेवर जास्त विसंबतो म्हणे.

मी मिरजोळ्याला एका मासे पॅक करणाऱ्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळते. घरचा कॉम्प्युटर लिनक्स या खुल्या प्रणालीवर चालतो, कारण ज्याचं झाकण उघडून आत बघता येत नाही अशा वस्तूवर माझा विश्वास बसत नाही. हा माझा हट्ट. त्याची किंमत बाबांनी मोजली, ते पुढे येईलच.

देवरूखच्या मैत्रिणीकडे चार दिशांना चार माइक असलेला रेकॉर्डर होता. तिने तो टॉवेलात गुंडाळून एसटीने पाठवला. शनिवारच्या भजनाआधी मी देवळात बाबांच्या जागी पाट ठेवला, पाटावर रेकॉर्डर ठेवला, बटण दाबलं आणि घरी आले. बाबा घरी एकटे होते. दोन तासांनी बुवांनी यंत्र घरी आणून दिलं. बुवा म्हणजे आमच्या मंडळाचे म्होरके, बाबांपेक्षा चार वर्षांनी मोठे आणि कानाने खणखणीत.

इथवर सगळं सोपं होतं. बाहेरच्या खोलीत बाबांची खुर्ची मधोमध, चार कोपऱ्यांत चार स्पीकर, टीव्हीखाली अँप्लिफायर, आणि कॉम्प्युटरपासून अँप्लिफायरपर्यंत एक एचडीएमआय केबल. या एकाच केबलमधून चारही आवाज वेगवेगळे आणि पुऱ्या बारकाव्यानिशी जायला हवे होते. बारकावा महत्त्वाचा, कारण झांजेचं सगळं असणंच त्या बारकाव्यात असतं. पहिल्या संध्याकाळी बाबा चहा झाल्यावर इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत येऊन बसले, देवळात निघाल्यासारखे. मी फाइल लावली. समोरचे दोन स्पीकर वाजले, मागचे दोन मुके.

मग सुरू झालं माझं वाचन. त्या केबलमधून अँप्लिफायर आधी कॉम्प्युटरला सांगतो, मी एवढे आवाज घेऊ शकतो. ते सांगणं कॉम्प्युटरच्या कानापर्यंत पोचतच नव्हतं, म्हणून तो आपला दोनच पाठवत होता. कुठल्याशा देशातल्या माणसाला हाच त्रास झाला होता. त्याने दोन पानं भरून लिहिलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं, आता जमलं. कसं जमलं ते लिहिलं नव्हतं. अशा माणसांना काय म्हणावं ते मला मराठीत येतं, पण इथे लिहीत नाही.

नऊ दिवसांनी कळलं की अँप्लिफायर आधी चालू करायचा, कॉम्प्युटर मागाहून. एवढंच. त्या संध्याकाळी मागचे स्पीकर वाजले आणि दहा मिनिटांत लाइट गेली. लाइट आली तेव्हा दोन्ही एकदम चालू झाले आणि पुन्हा दोनच आवाज. मग मी क्रम कागदावर लिहून भिंतीला चिकटवला. पुढच्या आठवड्यात लक्षात आलं की आवाज चार येतायत, पण वाटेत कुणीतरी बारकावा छाटून टाकतंय. तेही शोधलं. मग अपडेट आलं आणि दोन्ही दुरुस्त्या पुसल्या गेल्या. ऑफिसातून यायचं, चहा टाकायचा, खुर्चीमागे उकिडवं बसून काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या. बाबा बसून असत. राजापूरहून भाऊ फोनवर म्हणाला, "बाजारातून गाणी वाजवायचा तयार डबा आण, जोड, विषय संपव." मी म्हटलं, आता एवढं केलंय तर होईलच. ते खरं नव्हतं. मला हार मानायची नव्हती, एवढंच होतं.

शेवटी चारही आवाज बारकाव्यासकट आले. मी बाबांच्या कानाशी वाकून मोठ्याने विचारलं, "झांज कुठून येते?"

ते बराच वेळ ऐकत राहिले. मग हात वर करून टीव्हीच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "इथून. आणि पखवाज मागे उजवीकडे. सगळं उलटं आहे."

मला वाटलं, कॉम्प्युटर आवाजांची अदलाबदल करतोय. आवाज सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात, त्याचा हा जुना रोग आहे. तपासायची एक सोय असते. एका बाईचा आवाज प्रत्येक स्पीकरमधून त्या स्पीकरचं नाव सांगतो. मी तो लावला. 'समोर डावा' बरोबर समोर डावीकडून बोलला, 'मागे उजवा' मागे उजवीकडून. पुन्हा भजन लावलं. बाबा म्हणाले, उलटं. तरी मी एकदा जोडण्या बदलून पाहिल्या, एकदा ड्रायव्हरच बदलला, एकदा सगळी प्रणाली नव्याने टाकली. प्रत्येक वेळी ती बाई बरोबर आणि बाबांचं उत्तर तेच. असे आणखी पाच आठवडे गेले. बाबा इस्त्रीचा सदरा घालेनासे झाले, घरातल्या बनियनवरच येऊन बसत.

एका रविवारी सकाळी माझा धीर सुटला. मी म्हटलं, "बाबा, यंत्र बरोबर आहे. मी दहादा तपासलंय. तुम्हालाच उलटं ऐकू येतंय."

हे मी ओरडून म्हटलं, कारण त्यांच्याशी सगळंच ओरडून बोलावं लागतं. पण त्या ओरडण्यात राग होता आणि तो त्यांना बरोबर ऐकू गेला. ते म्हणाले, "असेल." आणि उठून पडवीत जाऊन बसले. चार दिवस त्यांनी भजनाचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. मला लाज वाटत होती, पण लाज वाटली म्हणून माझं मत बदललं नव्हतं. कान त्यांचे गेलेत, माझे नाहीत, असंच मी धरून होते.

पाचव्या दिवशी संध्याकाळी बुवा चौकशीला आले. बाबांशेजारी बसून त्यांनी हातवारे करत थोड्या गप्पा मारल्या, मग मला विचारलं, "काय गो बाय, ते रेकॉर्डिंग ऐकलंनीत की नाही यांनी?" मी माझं गाऱ्हाणं सांगितलं. सगळं बरोबर आहे आणि तरी यांना पुढचं मागे ऐकू येतं.

बुवांनी चहाची बशी खाली ठेवली. "येणारच. तू ते यंत्र देवाकडे पाठ करून ठेवलेलंस."

मला कळलंच नाही.

"लाल दिवा आणि काचेचं तोंड तू आमच्याकडे केलेलंस. पाठ देवाकडे. तू गेल्यावर मी फिरवलं. देवासमोर पाठ करून कोण बसतो काय?"

त्या यंत्राची काच, म्हणजे पडदा, मागच्या अंगाला असते, पकडणाऱ्या माणसाला दिसावी म्हणून. पुढचे माइक काचेच्या उलट्या बाजूला. मी ते नीट देवाकडे लावले होते. बुवांना काच म्हणजे तोंड वाटलं आणि त्यांनी भक्तिभावाने यंत्रालाही देवाला नमस्कार करता येईल असं बसवलं. पुढचं मागे गेलं, डावं उजवीकडे. केबल बरोबर होती, ड्रायव्हर बरोबर होता, ती चाचणीवाली बाई बरोबर होती. आणि बाबा तर पहिल्या दिवसापासून बरोबर होते. गावात सगळ्यात अधू कानांच्या माणसाने अचूक ऐकलं होतं, आणि मी त्यांना खोटं पाडलं होतं.

बुवांचा मला राग आला नाही. माझी आई असती तर तिनेही तेच केलं असतं. मला ओरडायचं होतं ते स्वतःवर, पण त्यालाही त्राण नव्हतं. फाइल उलटवायला कॉम्प्युटर लावावा लागला असता आणि आता कॉम्प्युटरला हात लावायची इच्छा उरली नव्हती. मी खुर्चीच उलटी फिरवली. बाबा टीव्हीकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून बसले. बुवा बाजूच्या बाकावर. मी भजन लावलं.

पखवाज समोर डावीकडून आला. बाबांनी लगेच तिकडे मान वळवली आणि माझ्याकडे बघून हसले. पेटी, कोरस, टाळ्या, सगळं आपापल्या जागी. त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर चालायला लागली, ताल कुठेही सुटला नाही. अभंग चढत गेला. बाबांच्या उजव्या कानामागच्या स्पीकरमधून झांज इतकी स्वच्छ वाजत होती की बुवांनी डोळे मिटून घेतले.

बाबा वाट बघत होते. मग त्यांनी मला जवळ बोलावलं. "झांज नाही का घेतलीस?"

सहा आठवड्यांपूर्वी त्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं होतं. सहा आठवडे मी त्यांना सांगत होते की ती तिथे नाही. मी बुवांकडे पाहिलं, त्यांनी मान खाली घातली. मी बाबांच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "त्या दिवशी झांजवाला आला नव्हता, बाबा."

बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. "तो कधी खाडा करत नाही गो," ते म्हणाले, आणि पुढचं भजन लावायला सांगितलं.