डावी कळी

सुरुवातीलाच सांगतो, मी शाळामास्तर होतो आणि तोंडाचा फटकळ. भूत, देवचार, राखणदार असलं काही कुणी माझ्यापुढे काढलं की मी त्याला भर चव्हाट्यावर उघडा पाडायचो. आज वय ऐंशीच्या पुढे आहे, मत फारसं बदललेलं नाही. तरीही एक गोष्ट आहे जी मला सुटत नाही... आणि ती सांगताना माझंच तोंड काळं होणार आहे, हेही ठाऊक आहे. होऊ दे.

हे एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधलं. आमची वाडी रत्नागिरीजवळ, खाडीच्या अंगाला. माझा धाकटा भाऊ वसंता लढाईच्या काळात मालवाहू बोटीवर इंजिन खात्यात होता. तिथे लांब पाळ्या असत. डोळा लागू नये म्हणून एक बारीक पांढरी गोळी देत. लढाई संपली, गोळी संपली नाही. मुंबईच्या गोदीत ती मिळायची. तीन-तीन दिवस हा माणूस झोपायचा नाही, अखंड बडबड, एकच पितळी नळी घासत बसायचा, हाताची सालं काढायचा. मग दोन दिवस मेल्यासारखा पडून. शेवटी मी मुंबईला जाऊन त्याला ओढत घरी आणला.

आणि सोडलीन हो त्याने! त्याची बायको सुमन त्याला पेज भरवायची, तो प्यायचा नि झोपायचा. महिन्याभरात अंग धरलं. पुढे मिरकरवाडा बंदरात दाऊदभाईंच्या मासेमारीच्या मचव्याला इंजिन बसलं, त्याचं सगळं काम वसंताकडे आलं. गोळी सुटून सव्वा वर्ष झालं होतं. सगळी वाडी म्हणे, वसंता सुधारला. एकट्या मला पटत नव्हतं.

मी काय करायचो ते सांगतो. संध्याकाळी तो घरी आला की ओटीवर उभा करून खिसे उलटे करायला लावायचो. डोळे बघायचो. जेवला नाही तर "का रे, भूक मेली वाटतं?" जास्त बोलला तर "आज जीभ फार सुटलीय." गप्प बसला तर "काय लपवतोयस?" बिचारा हसायचा. नंतर नंतर हसणंही गेलं. दाऊदभाई एकदा मला तोंडावर म्हणाले, "मास्तर, त्याची गोली सुटली. तुमची नाय सुटली अजून." मला इतका राग आला की मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

त्या वर्षी गणपती गेले, मचवे दर्यात काढायची घाई सुरू झाली आणि इंजिन काही केल्या चालेना. वसंता तीन दिवस तिथेच. घरी आला तर डोळे लाल, हात थरथरत होते, ताटावरून उठला. माझ्या डोक्यात एकच — घेतलीन!

"नाही रे दादा. इंजिनाची काळजी आहे, दुसरं काही नाही. सुमनची शपथ."

"तुझ्या शपथा मुंबईत पुष्कळ ऐकल्यात मी. सोमवारी देवळात चल. कौल लावू."

कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो नि प्रश्न विचारतो. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी वर्गात पोरांना सांगायचो, हा नुसता पाण्याचा चिकटपणा. पण वसंताचा विश्वास होता. म्हणूनच ते हत्यार मी उचललं.

आणि नुसतं उचललं नाही, त्याला धारही लावली. आदल्या दिवशी बाबू गुरवाला गाठून सांगितलं, "उजवी कळी दाट गंधात चिकटव. डावीला नुसता पाण्याचा हात लाव. डावी पडली पाहिजे. तो घाबरेल, कबूल करेल."

बाबू चाचरला. "मास्तर, देवाशी असा करू नये हो."

"देव असला तर बघून घेईल," मी म्हटलं. माझ्या शब्दाबाहेर जायची त्याची छाती नव्हती.

सोमवारी सकाळी देवळात आम्ही तिघेच. बाबूने विचारलं, "वसंतानं गोळी सोडली असेल तर उजवी दे, महाराजा." मी शांतपणे डाव्या कळीकडे बघत होतो. ती नुसती टेकवलेली होती, फुंकर घातली असती तरी पडली असती. आणि गंधात थापलेली उजवी कळी... सुटली. टप्पकन खाली. डावी हललीसुद्धा नाही.

वसंताने मला मिठी मारली. घरी सुमनने खीर केली. मी बाबूला झापला — "गाढवा, उलटं लावलंस." तो पाया पडून सांगत होता की नाही, तुम्ही म्हटलात तसंच लावलं.

मी त्या दिवशी थांबायला हवं होतं. नाही थांबलो. पुढच्या सोमवारी परत. या वेळी मी स्वतः गाभाऱ्याच्या दारातून खात्री केली, उजवीखाली गंधाचा लपका दिसत होता. पुन्हा उजवीच पडली! माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण काटा आला तो भीतीचा कमी, संतापाचा जास्त. दगड मला खोटं पाडतो म्हणजे काय?

बाहेर येताना वसंता म्हणाला, "दादा, आता तरी झालं ना समाधान?"

"पुढच्या सोमवारी सगळ्या वाडीसमोर विचारू. मग बघू."

त्याचा चेहरा मला आजही दिसतो. तो आठवडाभर त्याने धड खाल्लं नाही. सुमन हात जोडून म्हणाली, "भावोजी, दोनदा देवाने सांगितलं. आता पुरे करा. ते आतून मोडतायत हो." मी म्हटलं, खरा असेल तर मोडेल कशाला?

तिसऱ्या सोमवारी देऊळ भरलेलं. बाबूने कापऱ्या आवाजात गाऱ्हाणं घातलं, वाडी "होय महाराजा" म्हणाली. वसंता हात जोडून उभा, कपाळावर घाम. बराच वेळ काहीच होईना. मग डावी कळी पडली.

कुणीतरी "अरेरे" म्हणालं. सुमन मटकन खाली बसली. मी काय केलं? मी सगळ्यांसमोर वसंताच्या थोबाडीत मारली. खाली पडलेल्या कळीकडे बघत तो एवढंच म्हणाला, "मी घेतली नव्हती रे दादा. आता देवही तुझ्याच बाजूचा झाला."

मंगळवारी तो घरातून गेला. आठव्या दिवशी दाऊदभाईंनीच बोलावणं धाडलं. पुळणीवर त्याने सबंध इंजिन सोडवून ठेवलं होतं, स्क्रू न् स्क्रू ओळीने मांडलेला, आणि जोडता येत नव्हतं म्हणून मधोमध बसून रडत होता. हात रक्ताळलेले. आठ दिवस झोप नाही. आम्ही त्याला उचलून दवाखान्यात नेला. वाटेतच त्याचं हृदय बंद पडलं. चौतिसावं वर्ष.

दाऊदभाई दवाखान्याच्या पायरीवर मला म्हणाले, "मास्तर, पावसाल्यात मुंबईची बोट बंद असते. पहिली बोट लागली ती मंगलवारी. तिच्यावरच्या खलाशाकडून त्याने पुडी घेतली, तो खलाशी माझ्याशी बोलला. सोमवारी अख्ख्या रत्नागिरीत ती गोली नव्हती. कुठून घेतलीन असती?"

बोट बंद होती. मला, शिकलेल्या माणसाला, हे सुचलं नव्हतं.

तेराव्यानंतर मी बाबूकडे गेलो. म्हटलं, "तिसऱ्या वेळी तरी मी सांगितलं तसं जमलं म्हणायचं."

बाबू माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिसऱ्यांदा मी काय केलंच नाय मास्तर. मना भीती वाटली. दोनी कळ्या सारख्याच ओल्या लावल्या नि देवाक म्हटलं, तूच काय ता बघ."

म्हणजे बघा. दोनदा मी लबाडी केली, दोनदा खरं उत्तर आलं. तिसऱ्यांदा कुणी लबाडी केली नाही, आणि उत्तर आलं ते त्या दिवशी खोटं होतं, दुसऱ्या दिवशी खरं झालं. देव चुकला? की पुढचं बोलला? की मागेन ते देऊन त्याने मला हाकलला? माझा नातू डॉक्टर आहे. तो म्हणतो, आजोबा, असल्या गोळीची सवय सुटली तरी मेंदू विसरत नाही, स्ट्रेस आला की पहिली धाव तिकडेच. त्यांना तुमच्या त्या सोमवारांनी मारलं. ते मला कळतं. वसंता का घसरला हे मला पुरतं कळतं. कळ्यांचं कळत नाही.

एक राहिलं. बाबू पुढच्याच पावसाळ्यात गेला, दाऊदभाई आमच्या घरची पायरी परत चढले नाहीत. गंधाची गोष्ट माझ्याशिवाय कुणाला ठाऊक उरली नाही, बोटीची सुमनपर्यंत पोचली नाही. ती दोन वर्षांपूर्वी वारली, आमच्याच घरात. इतकी वर्षं ती वसंताच्या फोटोला हार घालायची आणि दर वेळी म्हणायची, "माणूस लाखाचा हो, भावोजी. पण देवासमोर उभं राहून खोटं बोलले ते."

मी "हो" म्हणायचो.